काही जण बोटांनी वाचतात

वहिनी : अगं, पण कळवलं असतंस तर हे स्टँडवर आले असते ना घ्यायला!

खारू : म्हणूनच नाही कळवलं. कुठाय दादा?

वहिनी : आत, त्यांच्या खोलीत. फोन चाललाय कामाचा. जपून, खुर्ची इकडे ओढलीय आम्ही. तुझी काठी दे, कोपऱ्यात ठेवते.

खारू : हातातच राहू दे. फार बसायचं नाहीये मला.

वहिनी : बाबा बरे आहेत ना? तू अशी अचानक, एकटी...

खारू : बाबा ठणठणीत आहेत. वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जातात आणि खालच्या मुलांना ओरडून परत येतात. आज शेजारच्या काकू बसल्यात त्यांच्याजवळ.

वहिनी : मग झालंय काय? चेहरा बघ कसा झालाय. पाणी तरी घे.

खारू : पाणी घेते. आणि त्याला बोलाव. फोन ठेव म्हणावं.

दादा : कोण आलंय गं? अरे! खारू? तू? कुणाबरोबर आलीस?

खारू : बसबरोबर.

दादा : एकटी? एवढ्या लांब? वेडी का काय तू! एक फोन केला असतास तर...

खारू : दादा, प्रकल्पाला पाठवलेला माझा कोड परत आला.

दादा : कुठला कोड?

खारू : गणिताच्या पुस्तकातलं कोष्टक मध्येच तुटायचं, अर्धं या पानावर, अर्धं त्या पानावर. ती चूक. बाबा दुपारी झोपले की बसायचे मी रोज थोडं थोडं. काल जमलं एकदाचं. पाठवलं. सकाळी परत आलं.

वहिनी : तुमच्या त्या ब्रेलच्या पुस्तकांच्या प्रोग्रॅमचं म्हणतेयस ना? मग तो तर तुमचाच आहे. परत कोण पाठवणार?

खारू : आमचा म्हणजे सगळ्यांचा, वहिनी. ओपन सोर्स. कुणीही उघडून वाचावं, कुणीही सुधारून पाठवावं. अट एकच, लिहिण्याचे नियम पाळायचे. नियमात नसेल तर मशीनच परत पाठवतं. "आपली मांडणी या प्रकल्पाच्या नियमांत बसत नाही. कृपया नियम वाचून पुन्हा पाठवा." एकूण एक ओळ नापास.

दादा : ते उत्तर आपोआप जातं गं. त्यात मनाला लावून घेण्यासारखं...

खारू : मला वाटलं माझंच चुकलं. बाबांच्या आजारपणात माझी सवय मोडली असेल. म्हणून गेले नियम वाचायला. मी लिहिलेले नियम, दादा, आणि मी ते विद्यार्थ्यासारखे वाचत बसले सकाळी, माझं कुठे चुकलं म्हणून.

दादा : मी सांगणारच होतो तुला.

खारू : कधी?

दादा : बाबांचं जरा मार्गी लागलं की. तू तिकडे एवढ्या धावपळीत, त्यात कुठे ही कटकट डोक्याला.

वहिनी : थांबा, थांबा. मला कळेल असं सांगा कुणीतरी. काय बदललं?

दादा : काही नाही गं. कोड लिहिताना काही ओळी आत सरकवून लिहाव्या लागतात. टॅबचं बटण एकदा दाबलं तरी ओळ सरकते, नाहीतर स्पेसचं चारदा दाबायचं. आधी टॅबचा नियम होता, आता स्पेसचा केला. दिसायला दोन्ही सारखंच.

खारू : दिसायला.

दादा : ...तसं नव्हतं म्हणायचं मला.

खारू : वहिनी, इकडे ये. माझ्या पिशवीत ती लांबट पट्टी आहे, काढ. हां, हीच. कॉम्प्युटरवरची ओळ हिच्यावर टिंबांनी उठते. चाळीस घरं आहेत, एका घरात एक अक्षर. ठेव बोट. डावीकडून. आता सरकव हळूहळू.

वहिनी : इथे काहीच नाही.

खारू : सरकव.

वहिनी : अजून नाही. बंद पडलीय का गं ही? थांब... हां, आता लागलं काहीतरी बोटाला. पण अर्धी पट्टी संपत आली की!

खारू : ही दादाच्या नव्या नियमातली ओळ, सकाळी उतरवून आणलेली. चार पायऱ्या आत गेलेली. सोळा घरं नुसती मोकळी. पुढचा मजकूर मावत नाही, मग पट्टी पुढे ढकला, वाचा, मागे आणा, खालच्या ओळीवर जा, पुन्हा मोकळी घरं चाचपा. टॅब असला की पायरीला एक घर. चार घरं सोडली की लगेच अक्षर.

वहिनी : अगबाई! अहो, हे तुम्हाला माहीत नव्हतं?

दादा : माहीत होतं.

खारू : माहीत कसं नसेल? पहिला नियम. आतल्या खोलीत बसून लिहिला आम्ही. "ओळ आत घेताना टॅब वापरावा. कारण आपल्यातले काही जण बोटांनी वाचतात." दुसरं वाक्य याचं. मी म्हणत होते, कारण कशाला, नियम म्हणजे नियम. हा म्हणाला, कारण सांगितलं की माणसं मनापासून पाळतात. आणि पाळला लोकांनी. कुठकुठल्या देशांतल्या, कधी तोंड न पाहिलेल्या माणसांनी आपल्या हाताची सवय मोडून पाळला. आता ते वाक्यही नाही तिथे.

दादा : नियमच राहिला नाही तर कारण कुठे चिकटवू मी? आणि बघ खारू, यावर उपाय आहे. मी शोधूनही ठेवलाय. तुझ्या मशीनवर एक छोटी सोय बसवायची. फाइल उघडली की स्पेसचे टॅब होतील, पाठवताना टॅबचे परत स्पेस. तुला कळणारही नाही. अर्ध्या तासाचं काम. आत्ता बसवून देतो.

खारू : ती सोय मला माहीत आहे. दुसऱ्यांचे प्रोग्रॅम वाचायला मी तीच वापरते.

दादा : मग झालं तर!

खारू : ती मध्येच गोंधळ घालते, कुठेतरी एक घर कमी-जास्त होतं, आणि मग ते हुडकत बसावं लागतं. पण ते सोड. सगळ्या जगात मी तशीच वावरते, दादा. जुळवून घेते. एका ठिकाणी जुळवून घ्यावं लागत नव्हतं.

दादा : तुला काय वाटतं, मला मजा वाटली असेल हे करताना? ती पुस्तकं छापणारी संस्था आलीय ना, त्यांनी आपली सगळी शाळेची पुस्तकं आपल्या प्रोग्रॅमवर करायचं ठरवलंय. सगळी! शिवाय त्यांचे सहा प्रोग्रॅमर आपल्याला मिळतायत. आपण दोघं आणि मास्तर आणि इकडचे तिकडचे चार हौशी, किती वर्षं ओढणार होतो हा गाडा? त्या मुलांच्या हाताला स्पेसची सवय. मला पुढचं बघायचं होतं. मुलांच्या हातात पुस्तकं पडणं मोठं की आपला एक नियम मोठा?

खारू : पुस्तकं मोठी.

दादा : मग!

खारू : हे मला विचारलं असतंस तर मी हेच म्हणाले असते कदाचित. मास्तरांचा फोन आला होता सकाळी.

दादा : ...काय म्हणाले?

वहिनी : मास्तर कोण?

खारू : रिटायर झालेले शिक्षक आहेत, पहिल्यापासून आहेत प्रकल्पात. भेट कधीच नाही, नुसता आवाज. माझं कौतुक करायला फोन केला होता त्यांनी. म्हणाले, पोरी, मोठं मन लागतं गं. स्वतःच्या सोयीचा नियम सगळ्यांसाठी सोडून दिलास, मीटिंगमध्ये तुझ्या भावानं सांगितलं आम्हाला.

वहिनी : काय सांगितलं यांनी?

खारू : तू सांगतोस का मी सांगू?

दादा : खारू, तेव्हा मीटिंगमध्ये परिस्थिती अशी होती की...

खारू : मास्तरांनी विचारलं होतं, तिला विचारलंत का? हा म्हणाला, विचारलं. तिची हरकत नाही. आणि वर म्हणाला, तिचं आता कोडमध्ये फारसं लक्षही नसतं.

वहिनी : अहो!

दादा : मास्तर अडून बसले असते गं! सगळं तिथेच लटकलं असतं. तू हो म्हणशीलच असं मी धरून चाललो. आत्ताच म्हणालीस ना, हो म्हणाले असते म्हणून?

खारू : कदाचित म्हणाले.

दादा : तेच ते.

खारू : तेच ते नाही, दादा. तू मला म्हणालास, "तू बाबांकडे बघ, मी प्रकल्पाकडे बघतो." हायसं वाटलं होतं मला. बाबांचं अंग पुसताना, रात्री त्यांना कुशीवर वळवताना मी म्हणायचे, चला, तिकडची तरी काळजी नाही, तिकडे दादा आहे. केसानं गळा कापलास तू माझा. आणि माझ्या डोळ्यांत धूळ फेकायचीही गरज नव्हती तुला. आयतंच होतं सगळं.

दादा : असं बोलू नकोस.

खारू : कसं बोलू? लहानपणापासून माझं तूच तर बोलतोस. दुकानदार मला विचारायचा नाही, तुला विचारायचा, हिला कुठला फ्रॉक हवा. तू सांगायचास, निळा. डॉक्टर तुला विचारायचे, हिचं कुठे दुखतंय. तू सांगायचास आणि बहुतेक बरोबर सांगायचास, म्हणून मी काही बोलले नाही. कॉलेजात फॉर्मवर सहीची जागा तू दाखवायचास आणि वर काय लिहिलंय ते तू सांगशील ते. या प्रकल्पात पहिल्यांदा माणसं मला विचारायला लागली. यावर तुमचं मत काय? हे असं चालेल का? कित्येकांना वर्षानुवर्षं माहीतही नव्हतं मला दिसत नाही ते. तिथेही तू हात वर करून सांगितलंस, हिला विचारू नका, मी सांगतो.

वहिनी : मला एक कळत नाही. पण त्या संस्थेच्या बाई तर म्हणाल्या होत्या ना, की आमचं काही नाही म्हणून?

दादा : तू मध्ये पडू नकोस.

खारू : काय म्हणाल्या होत्या, वहिनी?

वहिनी : मी इथेच इस्त्री करत होते. यांनी फोन स्पीकरवर टाकला होता. त्या म्हणाल्या, टॅब असो नाहीतर स्पेस, आमच्या मुलांना काहीही चालेल, फक्त एकच काय ते पक्कं ठेवा. माझ्या लक्षात राहिलं, कारण मला वाटलं टॅब म्हणजे मुलं हातात घेऊन बसतात तो. म्हटलं, त्याचं काय एवढं?

खारू : दादा? त्यांना चालत होतं?

दादा : हो.

खारू : मग सहा प्रोग्रॅमरांची सवय, पुस्तकं, गाडा, ते सगळं काय होतं?

दादा : ते खोटं नव्हतं. पुस्तकं होणारच आहेत.

खारू : टॅब ठेवूनही झाली असती.

दादा : झाली असती.

खारू : मग का?

दादा : तुला नाही कळणार.

खारू : प्रयत्न तर करून बघ. आजवर मला काय काय समजावून सांगितलंयस. सूर्यग्रहणसुद्धा.

दादा : पहिल्या भेटीला त्या बाई आल्या, बसल्या आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं. "काही जण बोटांनी वाचतात." म्हणाल्या, किती सुंदर आहे हो हे! आणि मग तासभर तू. बहीण कशी वाचते, कशी शिकली, तुम्ही तिला कसं शिकवलंत. मी प्रोग्रॅममधला पानं मांडायचा अख्खा भाग तयार ठेवला होता दाखवायला. किती रखडत, किती वेळा मोडून पुन्हा लिहिलाय तो, तुला माहीत आहे. त्याला जाता जाता दोन मिनिटं मिळाली. आणि उठताना काय म्हणाल्या? तुमच्यासारखा भाऊ सगळ्यांना मिळो.

खारू : मग चांगलंच म्हणाल्या की.

दादा : भाऊ! शाळेपासून मी तेवढाच आहे. हा तिचा भाऊ, हा तिला वाचून दाखवतो. तुला बक्षीस मिळायचं, तेव्हा मलाही उभं करायचे स्टेजवर. टाळ्या वाजायच्या. एका वर्षी मला गणितात तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते, कुणाला आठवतंय? बाबांना विचार, त्यांनाही नाही आठवणार. मला वाटलं, एकदा तरी कुणीतरी यावं आणि नुसतं काम बघावं. ते वाक्य पहिल्याच पानावर असेपर्यंत ते होणार नव्हतं. टॅब राहिला असता तर कुणीतरी विचारलंच असतं, टॅब का? आणि मग पुन्हा तेच पुराण.

वहिनी : हे मलाही कधी बोलला नाहीत तुम्ही.

दादा : काय बोलणार? आंधळ्या बहिणीचा हेवा वाटतो म्हणून सांगू? कुणाला सांगण्यासारखं आहे का ते?

खारू : मला सांगण्यासारखं होतं.

दादा : तुला?

खारू : मी ते वाक्य त्याच दिवशी पुसलं असतं. स्वतःच्या हातानं. मला ते कधी नकोच होतं, तुला आवडलं म्हणून राहिलं. वाक्य गेलं असतं, टॅब राहिला असता. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मला आवडतो म्हणून आहे. तू मात्र वाक्याचा राग काढायला नियम मोडलास, आणि नियम मोडायला माझ्या नावानं खोटं बोललास. हेव्याचं मला काही वाटत नाही, दादा. मलाही वाटतो तुझा, रोज सकाळी वाटतो. पण मी तुझ्या नावानं कुठे काही सांगितलं नाही.

वहिनी : मी चहा टाकते. तुम्ही दोघं...

खारू : थांब, वहिनी. जाऊ नकोस. मास्तरांना मी खरं ते सांगितलं. मग म्हणाले, तू नुसतं हो म्हण. आम्ही जुनी माणसं सगळा कोड उचलतो आणि वेगळी चूल मांडतो. कायद्यानं कुणी अडवू शकत नाही.

दादा : तू काय म्हणालीस?

खारू : बसची वेळ झालीय म्हणाले.

दादा : खारू, असं करू नकोस. दोन तुकडे झाले तर दोन्ही मरतील. संस्था मागे सरेल. मी आत्ता, तुझ्यासमोर नियम परत फिरवतो. हे बघ, पाच मिनिटांचं काम आहे. टॅब करून टाकतो. ते वाक्यही लावतो पुन्हा.

खारू : म्हणजे पुन्हा तू एकटाच बदलणार. आणि उद्या मीटिंगमध्ये कुणी विचारलं तर सांगणार, तिला विचारलं, तिनंच सांगितलं.

दादा : मग काय करू? तू सांग.

खारू : बस तिथे आणि लिही. सगळ्यांना. मास्तरांना, त्या सहा मुलांना, त्या बाईंना.

दादा : बाईंनाही?

खारू : त्यांच्या नावावर खपवलंस ना हे? त्यांनाही.

दादा : माझं नाव खराब होईल गं. तेरा वर्षं खपलोय मी या कामात.

खारू : होईल थोडं.

दादा : काय लिहू?

खारू : ते मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तो पुन्हा मीच दिलेला निरोप होईल, आणि तू पोचवणारा.

वहिनी : आणि नियमाचं? त्याचं काय ठरलं?

खारू : मी येईन पुढच्या मीटिंगला. बाबांच्या खोलीतून बोलेन, त्यांचा रेडिओ बंद करायला लावेन तेवढ्यापुरता. मी मांडीन माझी बाजू. हरले तर हरले. लावीन ती सोय, नाहीतर वाचीन रिकाम्या घरांतून वाट काढत. पण माझं मत मी देईन. आणि मास्तरांना काय सांगायचं ते त्यानंतर बघू.

दादा : आणि आपलं काय, खारू? आपल्या दोघांचं?

खारू : तू लिही.

(टाइप केल्याचा आवाज. थांबतो. पुन्हा सुरू होतो.)

वहिनी : काहीतरी खाऊन घे तोवर. सकाळपासून पोटात काही नसेल तुझ्या.

खारू : बसमध्ये एका बाईंनी बिस्किटं दिली. मला विचारून दिली. बरं वाटलं.

वहिनी : आज राहतेस ना? उद्या जा सकाळी. तुझी चादर धुऊन ठेवलीय मी.

खारू : काकूंना संध्याकाळपर्यंतचं सांगितलंय. बाबा दिवेलागणीला एकटे असले की घाबरतात हल्ली. कबूल करत नाहीत, पण सारखे विचारत राहतात, दार लावलंस का, दार लावलंस का.

दादा : मी सोडतो तुला गाडीनं. बाबांनाही भेटेन.

खारू : बाबांना भेटायला ये, पण आज नको. झालं लिहून?

दादा : झालं. वाचतो, ऐक. "सर्वांना नमस्कार. मागच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं, की पहिला नियम बदलण्याबद्दल माझ्या बहिणीला विचारलं आहे आणि तिची हरकत नाही. मी तिला विचारलं नव्हतं. तिला हे माहीतही नव्हतं. तिचं कोडमध्ये लक्ष नसतं असंही मी म्हणालो. ते खरं नाही. टॅब सोडा असं संस्थेनं कधीही सांगितलं नव्हतं, तो निर्णय माझा एकट्याचा होता आणि त्याची कारणं माझी स्वतःची होती. नियम पुन्हा सर्वांपुढे ठेवावा, ही विनंती. तोपर्यंत मांडणीच्या कारणावरून कुणाचंही काम परत पाठवलं जाणार नाही. झाल्या गोष्टीबद्दल मी सर्वांची, आणि आधी तिची, माफी मागतो." एवढंच आहे. पाठवू?

खारू : वहिनी, तू वाच.

दादा : अगं, आत्ताच वाचलं ना मी. जसं लिहिलंय तसंच वाचलंय, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

खारू : असेल. वहिनी, वाच.